‘अख्रिस्ती’ म्हणण्याआधी

आजचं वाचन: १ पेत्र ४:१२-१९ आणि गलतीकरांस २:११-१४



आजचं मनन लिहायला मला तीन दिवस लागले. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्ध्या तासात लिहून होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. यावेळी झालं नाही, कारण आजच्या वचनाने आधी माझीच झडती घेतली. जसं झालं तसं सांगते.

आपण मंडळीत, युवक संघात, घरच्या ग्रुपवर एक शब्द सर्रास वापरतो: अख्रिस्ती. ‘हे अख्रिस्ती वागणं आहे.’ ‘असले अख्रिस्ती कपडे.’ ‘लग्नात ते अख्रिस्ती प्रकार कशाला?’ शब्द छोटा आहे आणि समोरच्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखा वाजतो. मागच्या महिन्यात मीही तो वापरला, माझ्या मावसभावासाठी.

माझी मावशी सिरसाळ्याला राहते. परळी तालुक्यातलं, परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आमच्या विश्वासातली तिथे तीनच घरं. रविवारी मावशीच्या ओसरीवर प्रार्थना होते, आणि माझा मावसभाऊ त्या तीन घरांतल्या सहा-सात मुलांचा संडे स्कूल घेतो. गेल्या महिन्यात गावात सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, मग पंगती बसल्या. कुणीतरी फोटो टाकला: आमचा हा पठ्ठ्या कमरेला पंचा बांधून, हातात बादली घेऊन बुंदी वाढतोय, आणि कपाळावर बुक्का.

तो फोटो फिरत फिरत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला. ग्रुपवर बत्तीस जण. मी तेव्हा लिफ्टमध्ये होते. सातव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मी लिहिलं, ‘हे अख्रिस्ती वर्तन आहे. मुलांना वचन शिकवणाऱ्याने असं करावं?’ पाच-सहा जणांनी अंगठे दिले. एकाने ‘आमेन’ लिहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

त्या रविवारी त्याने संडे स्कूल घेतला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मग मावशीचा फोन आला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तू एकदा ये बाई. हे फोनवर बोलायचं नाही.”

शब्द काय सांगतो?

गावी काय झालं ते पुढे सांगते. आधी या शब्दाकडे नीट पाहू, कारण जायच्या आदल्या रात्री मी तेच केलं. खरं सांगायचं तर मला माझ्या बाजूने वचन हवं होतं.

पहिला धक्का असा की ‘अख्रिस्ती’ हा शब्द बायबलमध्ये नाहीच. ‘ख्रिस्ती’ हा शब्दसुद्धा संपूर्ण नव्या करारात फक्त तीनदा येतो. प्रेषितांची कृत्ये ११:२६ मध्ये, जिथे शिष्यांना हे नाव सर्वांत आधी अंत्युखिया शहरात मिळालं असं लूक सांगतो. मग २६:२८ मध्ये राजा अग्रिप्पाच्या तोंडी. आणि तिसऱ्यांदा आजच्या वाचनात, १ पेत्र ४:१६ मध्ये.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘ख्रिस्तियानोस’. त्याचा शेवटचा भाग लॅटिन पद्धतीचा. अमक्याच्या पक्षाचा, अमक्याच्या पदरचा माणूस, असा त्याचा अर्थ होतो. हेरोदाच्या बाजूच्या लोकांचं नावही असंच तयार झालं. आपल्या गावांत नवीन पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, “कुणाचं गं तू?” त्याचं उत्तर म्हणजे हा शब्द. अंत्युखियातल्या लोकांनी या माणसांकडे पाहिलं आणि म्हटलं, ही त्या ख्रिस्ताची माणसं दिसतात. शिष्य एकमेकांना भाऊ म्हणत, पवित्र जन म्हणत, त्या मार्गाचे म्हणत. ‘ख्रिस्ती’ हे नाव बहुतेक बाहेरच्यांनीच पाहून ठेवलं. म्हणजे आपलं नाव आपल्याला आपल्या शेजाऱ्यांनी दिलं आहे! हे मी कधी असं वाचलंच नव्हतं.

आता मराठीतला तो ‘अ’. तो वाटतो तितका साधा नाही. संस्कृत व्याकरणात या नकाराचे सहा अर्थ सांगतात. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत.

एक, वेगळेपण. एखादी गोष्ट अमुक नाही, दुसरी काही आहे, इतकंच. या अर्थाने माझा शेजारी अख्रिस्ती आहे, दिवाळीचा फराळ अख्रिस्ती आहे, आणि तसं पाहिलं तर टेबल-खुर्चीही अख्रिस्ती आहे. यात दोष कुणाचाच नाही.

दोन, विरोध. धर्माच्या उलट तो अधर्म, न्यायाच्या उलट तो अन्याय. या अर्थाने ख्रिस्ताच्या शिकवणीच्या विरुद्ध जे जातं ते अख्रिस्ती. इथे मात्र दोष आहे.

तीन, अल्पता. याचं व्याकरणातलं उदाहरण मजेशीर आहे: ‘अनुदरा’ म्हणजे शब्दशः जिला पोट नाही ती. पण पोट नसलेली मुलगी कुठे असते का? अर्थ असा की बारीक पोटाची, कमी पोट असलेली. या हिशेबाने अख्रिस्ती म्हणजे थोडासाच ख्रिस्ती. नाव आहे, पण माल कमी.

आपली गल्लत कुठे होते? आपण पहिल्या अर्थाची वस्तू पाहतो आणि दुसऱ्या अर्थाची शिक्षा देतो. जे आपल्या पद्धतीचं नाही, त्याला ख्रिस्ताच्या विरुद्ध ठरवून मोकळे होतो. आणि तिसऱ्या अर्थाने आपण स्वतः कुठे बसतो, ते विचारायचं राहूनच जातं.

एकाच शहरात दोन गोष्टी

नाव मिळालं ते अंत्युखियात, हे लक्षात ठेवा. आता गलतीकरांस २:११ उघडा. शहर तेच, अंत्युखिया. पेत्र तिथे आलेला आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवतोय. मग यरुशलेमहून, याकोबाकडून काही माणसं येतात आणि पेत्र हळूच मागे सरकतो. वेगळा बसू लागतो. त्याचं पाहून बाकीचे यहूदी विश्वासणारेही उठतात. बर्णबासुद्धा! तेव्हा पौल पेत्राला तोंडावर विचारतो.

पौलाने तिथे वापरलेलं क्रियापद नव्या करारात दुसरीकडे कुठेही नाही. त्याचा शब्दशः अर्थ सरळ पायांनी चालणे. सुवार्तेच्या सत्याच्या दिशेने यांची पावलं सरळ पडत नव्हती, असं पौलाचं म्हणणं. ‘अख्रिस्ती वर्तन’ या आपल्या शब्दाला बायबलमधलं सर्वांत जवळचं काही असेल तर मला वाटतं ते हे. वाकडी पावलं.

आणि ती वाकडी पावलं कोणती होती? पेत्र कुठल्या मूर्तीपुढे गेला नव्हता. दारू पिऊन पडला नव्हता. तो सोवळं पाळत होता. ताटावरून उठून जास्त धार्मिक दिसत होता. आलेल्या पाहुण्यांना नक्कीच वाटलं असेल, वा, काय पवित्र माणूस! आणि नेमकं तेच सुवार्तेच्या विरुद्ध होतं.

आता त्याच पेत्राचं पत्र पुन्हा वाचा. तो सांगतो, दुःख भोगायची वेळ आली तर ख्रिस्ती म्हणून भोगा, त्याची लाज धरू नका. पण त्याच्या आधीच्या वचनात, पंधराव्यात, कोणत्या कारणाने दुःख भोगू नये याची यादी आहे. खुनी, चोर, दुष्कर्मी, आणि चौथा? दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा. हा ग्रीक शब्दही नव्या करारात एकदाच येतो. त्याचे दोन तुकडे होतात: ‘परक्याचं’ आणि ‘देखरेख करणारा’. हा दुसरा तुकडा म्हणजे ज्यावरून बिशप हा शब्द आला तोच. म्हणजे कुणी न नेमता दुसऱ्याच्या घरचा बिशप होऊन बसलेला!

रात्री साडेबारा वाजता मी पुस्तक मिटलं. लिफ्टमध्ये, सात मजले उतरता उतरता, मी बत्तीस जणांपुढे कुणाच्या घरची बिशप झाले होते ते मला कळलं.

हे आपल्याकडे आधीही झालंय

पुण्याहून नांदेडकडे जाणारी रात्रीची गाडी दौंडच्या अलीकडे केडगाववरून जाते. अंधारात स्टेशन कधी मागे पडलं कळलं नाही, पण मला पंडिता रमाबाई आठवत राहिल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना प्रेमाने सांभाळलं, पण पत्रांमधून वादही खूप झाले. ती पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेला पदार्थही त्यांना नको असे. सिस्टर्सना त्यात जुन्या जातीचा अभिमान उरलेला दिसला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही रमाबाईंनी विचारलं. एकीकडे त्यांच्या ख्रिस्तीपणाची मापं अशी ताटावरून आणि अक्षरांवरून काढली जात होती. दुसरीकडे १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनातल्या धर्मांतराच्या शंकेवरून मोठं वादळ उठलं आणि रानडे, भांडारकरांसारखी सल्लागार माणसं बाजूला झाली. इकडच्यांना त्या फार ख्रिस्ती वाटल्या, तिकडच्यांना पुरेशा वाटल्या नाहीत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी, अनाथ मुली आणि विधवा यांना रमाबाईंनी शोधून आणलं. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तीचं घर उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. त्या मुलींपैकी एकीलाही बाईंच्या पुडिंगात अंडं होतं की नाही, याच्याशी काही देणंघेणं असेल असं मला वाटत नाही. ‘कुणाची तू?’ याचं उत्तर त्यांना ताटात मिळत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही आठवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या काळात पुन्हा एकत्र आल्यावरही त्या घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळं पाळणारी, असा संसार चालला. जात-पात माणसांनी केली, देवाने नव्हे, हे एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं. टिळकांनी घाई केली असती, रोज उठून हे अख्रिस्ती, ते अख्रिस्ती म्हटलं असतं, तर ती वाट इतकी मोकळी झाली असती का? आणि टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. ज्या पुलावरून आलो तो पाडत बसणाऱ्यांतले ते नव्हते.

सिरसाळ्यात

सकाळी परळीला उतरले, काळीपिवळीने सिरसाळ्याला पोचले. अर्ध्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली, अजून परत आली नव्हती. दारात म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. मावशीने चहा दिला, भाकरी टाकली, माझ्या नोकरीची चौकशी केली. ग्रुपचा विषय काढला नाही. मग म्हणाली, “चल, काकांकडे जाऊन येऊ.”

काका तीन वर्षांपूर्वी गेले, ऐन मे महिन्यात. मी तेव्हा दुपारी बारा वाजता पोचले होते. पुण्याहून फुलांचं चक्र घेऊन. कबर तयार होती, पाळकसाहेब आले होते, गीतं झाली, माती लोटली, मी संध्याकाळच्या गाडीने परत.

कबरीजवळ बसून मावशी म्हणाली, “ही कुणी खोदली, तुला ठाऊक आहे का?”

मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत मी विचारलंही नव्हतं.

“काका रात्री अकराला गेले. एवढा उन्हाळा, माणूस ठेवायचं कसं? आपली तीन घरं. त्यात खोदायला अंगात बळ असलेला हाच एकटा, माझा पोरगा, अन् तो बापाजवळ बसलेला. शेजारचे अण्णा आले. काही बोलले नाहीत. भजनातले चार जण उठवले, पहार-टिकाव घेतले अन् इथं आले. खाली मुरूम. रात्री दोनपासून दिवस उगवेपर्यंत खोदायले होते. हाताला फोड आले त्यांच्या. सकाळी अण्णांनी मला विचारलं, ‘वहिनी, तुमच्यात डोकं कुणीकडं करतेत?’”

मी काही बोलू शकले नाही. मावशीने कबरीवरचं वाळलेलं गवत उपटलं आणि म्हणाली, “यंदा सप्त्याची पंगत अण्णांकडं होती.”

मित्रांनो, लूक १० मधला शोमरोनी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण गोष्ट ऐकताना आपण स्वतःला नेहमी शोमरोनी समजतो, नाहीतर फार तर जखमी माणूस. याजक होऊन कधी ऐकलीय का? मी त्या दिवशी ऐकली. पहिल्या अर्थाने अख्रिस्ती असलेल्या पाच माणसांनी माझ्या काकांसाठी रात्रभर जमीन फोडली. आणि दुपारी फुलं घेऊन आलेल्या मुलीने तीन वर्षांनी त्यांच्या पंगतीत वाढणाऱ्याला अख्रिस्ती म्हटलं.

आणखी एक जागा पाहा, योहान ८:४८-४९. विरोधक येशूला दोन शिव्या देतात: तू शोमरोनी आहेस, आणि तुला भूत लागलंय. येशू दुसरी नाकारतो. पहिलीबद्दल तो काहीच बोलत नाही. ‘तू आमच्यातला नाहीस’ हा आरोप त्याला खोडायची गरजच वाटली नाही!

संध्याकाळी भाऊ शेतातून आला. मी माफी मागितली. तो बराच वेळ पायावरची माती खरवडत बसला. मग म्हणाला, “तायडे, बुक्का एका म्हाताऱ्या बाबांनी लावला. वाढणाऱ्या सगळ्यांनाच लावायले होते. त्यांच्यासमोर पुसायचं मला जमलं नाही. घरी आल्यावर तोंड धुतलं. ते बरोबर होतं का चूक, मलाबी नक्की ठाऊक नाही. रात्री प्रार्थनेत विचारलंय मी. पण तू मला विचारलं नाहीस. तू लोकांना सांगितलंस.”

मग काहीच अख्रिस्ती नाही का?

हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवा. ऑफिसमधली गणपतीची आरती, मित्राच्या घरची सत्यनारायणाची पूजा, हळदीकुंकू, राखी. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे रोजचे प्रश्न आहेत, आणि ‘सगळं चालतं’ असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. उपासना एकट्या देवाची, ही रेघ वचनात स्पष्ट आहे. दानिएलाचे तीन मित्र त्या रेघेसाठी भट्टीत गेले.

पण रेघेच्या अलीकडे बरंच मोठं अंगण आहे, आणि करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल त्या अंगणात आपल्याला सावकाश फिरवतो. १ करिंथ ८ ते १० अध्याय एका बैठकीत वाचा. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न आहे. दहाव्या अध्यायात तो एकीकडे मूर्तिपूजेपासून पळा म्हणतो. आणि त्याच अध्यायात, २७ व्या वचनात, विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढे येईल ते चौकशा न करता खा, असंही सांगतो. लगेच पुढे म्हणतो, पण तिथे कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पौलाला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. त्याला माणूस दिसत होता: यजमान, शेजारी बसलेला दुबळ्या विवेकाचा भाऊ, आणि या दोघांसाठी मेलेला ख्रिस्त.

माझा भाऊ त्या अंगणात कुठे उभा होता? मी असते तर कदाचित बुक्का लावून घेतला नसता, हात जोडून नम्रपणे नको म्हटलं असतं. त्याला त्या क्षणी ते जमलं नाही. यावर आम्ही दोघं आजही पूर्ण एकमत नाही. पण आता आम्ही त्यावर बोलू शकतो, आणि आमच्यासमोर बायबल उघडं असतं. त्या दिवशी माझ्याजवळ फक्त एक शब्द होता.

मत्तय १८:१५ मध्ये येशूने क्रम घालून दिलाय. भावाचं चुकलं तर आधी एकटा जा, दोघंच असताना बोल. पौल पेत्राला सर्वांसमोर बोलला हे खरं, पण तिथे सगळेच ताटावरून उठले होते, आणि तो बोलला ते पेत्राच्या तोंडावर. पेत्र बोलला नव्हता त्या दुसऱ्या गावातल्या बत्तीस जणांना नव्हे. शिवाय पौलाने फटकारलं ते पंगतीतून उठणाऱ्याला. मी फटकारलं ते पंगतीत वाढणाऱ्याला.

माझी स्वतःची गोष्ट

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्या रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मावशी गावातल्या बायकांबद्दल बोलत होती. ऊसतोड सुटली की काही जणी पुण्याला घरकामाला जातात. आजारपणाचे खाडे कापतात, सुतकाचेही कापतात, असं ती सहज सांगत होती. सांगता सांगता तिला झोप लागली. मला लागली नाही.

माझ्या घरी काम करणाऱ्या ताईंचे वडील दिवाळीनंतर वारले. त्या नऊ दिवस गावाला गेल्या होत्या. महिन्याच्या शेवटी मी नऊ दिवसांचे पैसे कापून उरलेले दिले. त्या काही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात माझ्याकडे प्रार्थनासभा होती, चहा-बिस्किटं त्यांनीच दिली. आम्ही त्या दिवशी प्रीतीवर मनन केलं होतं.

याला कुणीही अख्रिस्ती म्हटलं नाही. मीही नाही. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं, असं लिहिलंय. माझ्या फ्लॅटमध्ये ती तीन महिने ओरडत होती आणि मी हेडफोन लावून स्तुतिगीतं ऐकत होते. कपाळावरचा बुक्का मला फोटोत दिसला. स्वतःच्या हातातली कात्री दिसली नाही.

परत आल्यावर मी ताईंना पैसे दिले, माझं चुकलं म्हणाले. त्यांनी नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि “बरं” म्हणून भांडी घासायला घेतली. मला वाटलं होतं काहीतरी हृदयस्पर्शी होईल. नाही झालं. पैसे त्यांचेच होते, त्यांनी आभार कशाला मानायचे?

आणि ज्या ग्रुपवर मी ते वाक्य लिहिलं होतं, तिथेच माफी लिहिली. बत्तीसच्या बत्तीस जणांपुढे. यावेळी अंगठे दोनच आले. भावाने अजून संडे स्कूल सुरू केलेला नाही. म्हणतो, “बघू.” पोरं त्याच्या मागे लागली आहेत. तुम्हीही त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आज घेऊन जाण्यासाठी

‘अख्रिस्ती’ हा शब्द फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्याचा खरा उपयोग आहे, आणि तो आरशासमोर आहे. शेजाऱ्यांनी आपल्याला नाव दिलं ते आपलं चालणं पाहून. आजही ते पाहत असतात. “ख्रिस्ती असून असं?” असं जेव्हा ऑफिसमधला एखादा सहकारी म्हणतो, तेव्हा राग येतो ना? थांबा जरा. ख्रिस्ताकडून काय अपेक्षा करायची हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच त्याला फरक दिसला.

आज हा शब्द कुणासाठी ओठावर आला, तर आधी त्या माणसाला फोन करा आणि विचारा. आणि झोपण्याआधी एकदा हिशेब पाहा: माझ्याकडे कुणाची मजुरी, कुणाची माफी, कुणाचे आभार अडकलेत का? मला अण्णांचे आभार मानायचे होते, तीन वर्षांचे. निघताना मी त्यांच्या दारात गेले. ते बैलाला पेंड घालत होते. मी सांगितलं तसं ते हसले आणि म्हणाले, “अगं, माती सगळ्यांना एकच असती.” मग मला चहा प्यायला बसवलं. मी बसले.

प्रार्थना:
प्रभू येशू, तू ज्यांच्या पंगतीला बसलास त्यांच्यावरून लोकांनी तुला नावं ठेवली. तुझं नाव लावून मी मात्र इतरांना नावं ठेवत आले. मला क्षमा कर. माझी पावलं तुझ्या सुवार्तेच्या दिशेने सरळ पडू दे. भावाचं चुकलं तर त्याच्याकडे एकटीने जायचं धाडस दे, आणि माझं चुकलं तर ते सर्वांसमोर मान्य करायची नम्रता दे. ज्यांनी आमच्यासाठी रात्र जागवली त्यांना आशीर्वाद दे. मी कुणाची आहे, हे माझ्या शेजाऱ्याला विचारावं न लागो. आमेन.

उद्या भेटू, रूथ १ वाचून या.